बीदरच्या शिदोरीतील अमेरिका

भालकी वा औरादकडील शेतकरी दुपारी बांधावर शिदोरी सोडतो. ज्वारीची भाकरी शतकानुशतके या मातीतली. परंतु तिच्यावरचा मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि जेवणानंतर चंचीतून निघणारी तंबाखू ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. सीताफळाचे नाव सीतेचे असले, तरी माहेर तिकडचेच!

इ. स. 1470 च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौल बंदरी उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला आला. विकावयास त्याने एक घोडा आणला होता. बहमनी राजधानीतील सरदारांचा थाट त्याने पाहिला, आणि खेड्यांतील रयतेचे दारिद्र्यही नमूद करून ठेवले. महमूद गवानच्या त्या बीदरात मिरे होते, मिरची नव्हती.

पुढे वीसएक वर्षांनी, 1492 मध्ये, कोलंबस याच हिंदुस्थानच्या शोधात स्पेनहून पश्चिमेस निघाला आणि 12 ऑक्टोबरला भलत्याच भूमीला लागला. मिऱ्यांच्या शोधात त्याला मिरची सापडली, आणि तेथील लोकांना त्याने आपले नाव देऊन टाकले. नावाने मात्र त्यांचे रक्षण झाले नाही. 1521 मध्ये कोर्तेसने मेक्सिकोची राजधानी पाडली. 1532 मध्ये पिझारोने इंका सम्राट आताहुआल्पा यास कैद केले. खोलीभर सोने खंडणी म्हणून घेतले, आणि पुढल्याच वर्षी त्यास ठार मारले. तलवारीहून अधिक माणसे देवीच्या साथीने नेली, हे खरे. पण सारा दोष रोगाच्या माथी मारून चालणार नाही. पोतोसीच्या रुप्याच्या खाणींत 1570 नंतरच्या दशकात सक्तीची पाळी लावण्यात आली. दरवर्षी सुमारे 13,000 माणसे गावोगावहून तेथे हाकली जात. लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने 1552 मध्ये आपल्याच लोकांच्या क्रौर्याचा वृत्तांत छापला. त्यानेही प्रथम आफ्रिकेतून गुलाम आणावेत असे सुचविले होते. पुढे त्याचा त्यास पश्चात्ताप झाला. हजारो वर्षे निवडून, जपून मिरची घडविली ती मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी; त्यांच्याच वंशजांवर हा प्रसंग ओढवला.

इकडे गोवे बंदर 1472 मध्ये गवानने बहमनी राज्यासाठी जिंकले होते. बहमनी सत्ता मोडल्यावर ते आदिलशहाकडे गेले, आणि 1510 मध्ये आल्बुकर्कने ते घेतले. गवानच्या हयातीत हे भविष्य कोणास सुचले असते? याच पोर्तुगीजांबरोबर नव्या जगाची रोपे घाटावर आली. 1580 ते 1640 या काळात तर स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता. पोतोसीचे रुपे लिस्बनमार्गे गोव्यात येई आणि मिऱ्यांच्या व कापडाच्या मोलात खर्ची पडे.

1604 साली अकबराचा वकील असद बेग विजापुरास आला असता त्याला तंबाखू दिसली. नवल म्हणून ती त्याने बादशहापुढे ठेवली. अकबराने दोनचार झुरके घेतले. तोच हकीम पुढे झाला: या वस्तूचा आमच्या ग्रंथांत उल्लेख नाही, फिरंग्यांचे अनुकरण कशाला? प्रत्येक रीत केव्हातरी नवीच होती, असे असद बेगने उत्तर दिले. अकबर त्यावर संतुष्ट झाला; पण त्याचा पुत्र जहांगीर याने 1617 मध्ये तंबाखूवर बंदी घातली. फर्मान निघाले खरे, पण तोवर रोपे दख्खनच्या मातीत रुजली होती.