फोनमधलं लिनक्स टर्मिनल क्रॅश होतंय? आधी बघा, कोणता कर्नल पडला

मार्च 2025 च्या अपडेटपासून पिक्सेल फोनमध्ये अख्खं डेबियन लिनक्स चालतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये लिनक्स डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट चालू केलं की ‘टर्मिनल’ अ‍ॅप मिळतं. आमच्या बीड जिल्ह्यात बऱ्याच पोरांच्या हातात लॅपटॉपआधी फोन येतो, त्यांच्यासाठी ही भारी सोय आहे. पण क्रॅश झालं की लोक थेट फॅक्टरी रीसेट मारतात. केजच्या एका विद्यार्थ्याचा सेमिस्टरचा प्रोजेक्ट असाच गेला. रीसेटची काही गरजच नव्हती!

हे लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं, म्हणजे फोनमध्ये एकाच वेळी दोन कर्नल असतात. एक अँड्रॉइडचा, तो यजमान. दुसरा डेबियनचा, तो पाहुणा. दोघांच्या मध्ये पीकेव्हीएम नावाचा हायपरव्हायजर बसतो.

टर्मिनलच्या स्क्रीनवर ‘कर्नल पॅनिक’ दिसलं आणि व्हॉट्सअ‍ॅप, कॉल सगळं नीट चालू आहे, तर पाहुणा पडलाय. फोनला धक्का नाही. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. मशीन सुरू झालं तर जर्नलमध्ये आधीच्या बूटच्या नोंदी बघा. मात्र पॅनिकच्या शेवटच्या ओळी बहुतेक वेळा डिस्कवर पोचतच नाहीत, म्हणून स्क्रीनशॉट आधी काढा. रूट फाइल सिस्टिम माउंट होत नाही असं आलं, तर डिस्क इमेज बिघडली असण्याची शक्यता जास्त. मग टर्मिनलच्या सेटिंगमधलं रिकव्हरी वापरा. तिथे रीसेटच्या वेळी जुना डेटा बॅकअप घेण्याचा पर्याय येतो, तो सोडू नका.

काहीच न लिहिता अ‍ॅप गपकन बंद झालं तर तो कर्नल क्रॅश असेलच असं नाही. रॅम कमी पडली की अँड्रॉइड स्वतःच मशीन मारतं. गेम बंद करून बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला लावून कंपाइल केलं तर फोन तापून बंद पडणारच. त्याला कर्नल काय करणार?

खरी काळजी तेव्हा, जेव्हा अख्खा फोन रीस्टार्ट होऊन लोगो दाखवतो. यजमान किंवा हायपरव्हायजर पडल्याची ही खूण असू शकते. अशा वेळी फोन स्विच ऑफ करू नका. क्रॅशचा शेवटचा लॉग रॅमच्या राखीव भागात असतो. तो रीस्टार्टमध्ये टिकतो, पण वीज तुटली की जातो. फोन सुरू होताच डेव्हलपर ऑप्शन्समधून बग रिपोर्ट घ्या. त्यातल्या ‘लास्ट केमेसेज’ भागात पॅनिकच्या ओळी सापडतात. सापडल्या तर त्या, बिल्ड नंबर आणि क्रॅशआधी काय चालू होतं ते लिहून गूगलच्या इश्यू ट्रॅकरवर टाका. अख्खी झिप मात्र कॉलेजच्या ग्रुपवर पाठवू नका, त्यात तुमच्या अ‍ॅप्सची आणि वायफायची माहिती असते.