बोगनवेलीचे नाव

आपल्या मंडळाच्या फाटकावरची बोगनवेल पाहिली नाही अशी बाई या आळीत सापडायची नाही. तिचीच एक फांदी नेऊन मी माझ्या अंगणात लावली, तिलाही आता बरीच वर्षे झाली. इतके दिवस मी समजत होते की, जशी जाईची वेल, मधुमालतीची वेल, तशी ही 'बोगन'ची वेल. पण बोगन म्हणजे काय, हे कोणी सांगेना. पुढे वाचनात आले तेव्हा मोठी मौज वाटली. या नावातले 'वेल' मुळी आपले नव्हेच! बूगँव्हील हे एका फ्रेंच दर्यावर्दीचे आडनाव. आपण ते बोलता बोलता असे घरचे करून टाकले की, परके वाटतच नाही.

ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. लुई आंत्वान द बूगँव्हील १७६६ साली फ्रान्सहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्याच्या मोहिमेत 'बूदोझ' व 'एत्वाल' अशी दोन जहाजे होती. पैकी 'एत्वाल' मागाहून, १७६७ च्या फेब्रुवारीत निघाले. त्यावर फिलिबेर कॉमर्सां नावाचे वनस्पतींचे जाणकार होते. १७६७ सालीच ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरो बंदराच्या आसपास, ही वेल त्यांच्या संग्रहात आली. मोहिमेच्या प्रमुखाचा मान म्हणून तिला बूगँव्हीलचे नाव मिळाले आणि १७८९ साली पॅरिसच्या एका ग्रंथात ते छापलेही गेले.

भगिनींनो, गोष्ट एवढीच असती तर मी लिहायला बसले नसते. कॉमर्सांच्या हाताखाली बारे नावाचा एक मदतनीस होता. हा मदतनीस पुरुष नव्हता, पुरुषाच्या वेषातली बाई होती! तिचे नाव झान बारे. बर्गंडी प्रांतात १७४० साली एका गरीब घरात तिचा जन्म झाला. ती कॉमर्सांचे घर सांभाळी आणि पुढे त्यांची सोबतीणही झाली. फ्रान्सच्या आरमारी जहाजांवर बायकांना मनाई होती, म्हणून हे सोंग घ्यावे लागले.

कॉमर्सांच्या पायाचे दुखणे चिघळलेले असे. त्यामुळे रानात हिंडणे, झाडे गोळा करणे, ती कागदांत दाबून वाळवणे, यांतले पुष्कळसे काम बारेवर पडे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला मॅगेलनच्या सामुद्रधुनीत बर्फाचे डोंगर आहेत. तेथेही ती शिधा, हत्यारे आणि झाडांच्या वह्या पाठीवर घेऊन चाले. कॉमर्सां तिला आपले ओझ्याचे जनावर म्हणत, असे खुद्द बूगँव्हीलने आपल्या प्रवासवर्णनात लिहिले आहे. मात्र तिला वनस्पतींची चांगली माहिती होती आणि तिचे धैर्य मोठे होते, हेही त्यानेच लिहिले आहे. रिओजवळची ती फुललेली फांदी कोणाच्या हाताने तोडली, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

१७६८ च्या एप्रिलमध्ये जहाजे ताहिती बेटाला लागली. ही बाई आहे हे तेथल्या लोकांनी ओळखले, असे बूगँव्हील सांगतो. त्या वर्षाच्या अखेरीस कॉमर्सां व बारे मॉरिशसला उतरून तेथेच राहिले. १७७३ साली कॉमर्सां वारले आणि परक्या बेटावर बारे एकटी उरली. पुढल्या वर्षी तिने एका फ्रेंच शिपायाशी लग्न केले व त्याच्याबरोबर ती मायदेशी परतली. पृथ्वीला फेरी घालणारी इतिहासाला ठाऊक असलेली ही पहिली स्त्री. पण बंदरावर तिच्या स्वागताला सोहळा झाला नाही. १७८५ साली सरकारने तिला वर्षाला २०० लिव्र निवृत्तिवेतन बांधून दिले, आणि १८०७ साली ती वारली.

कॉमर्सांनी एका झाडाला तिचे नाव देण्याचे योजले होते, पण ते टिकले नाही. अखेर २०१२ साली दक्षिण अमेरिकेतल्या एका रानवेलीला शास्त्रज्ञांनी तिचे नाव दिले. ती वेल आपल्या वांग्या-बटाट्याच्या कुळातली आहे. म्हणजे हा मान मिळायला तिच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षे जावी लागली!

आता आपल्या वेलीकडे वळू. तिचा जो जांभळा-गुलाबी रंग आपण पाहतो, तो फुलाचा नव्हे. ती फुलाभोवतीची रंगीत पाने. खरे फूल आत असते, लहानशा नळीसारखे, पांढुरके. आपली गुलबक्षी हिच्याच कुळातली. मी पहिल्या वर्षी माझ्या वेलीला रोज पाणी घातले, तर नुसता पाला माजला. शेजारच्या काकूंनी सांगितले, "लाड कमी कर." पाणी तोडले, भरपूर ऊन मिळू दिले, आणि उन्हाळ्यात वेल फुलांनी झाकून गेली. फुलांचा बहर ओसरला की छाटणी करावी. पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या पावसाळ्याच्या सुरुवातीला खोचल्या तर बहुधा लागतात. काटे असतात, तेवढे मात्र सांभाळावे.

बारेची हकीकत वाचल्यापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. आपल्या स्मरणिकेत अध्यक्षा, चिटणीस आणि देणगीदार यांची नावे दर वर्षी छापली जातात, व ती छापली पाहिजेतच. पण सतरंज्या घालणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, हळदीकुंकवाच्या आदल्या रात्री जागून लाडू वळणाऱ्या भगिनींची नावे कोठे असतात? फाटकावरची ही वेल प्रथम कोणी लावली, हे मी तीन जुन्या सभासदांना विचारले. तिघींनी तीन नावे सांगितली. वह्यांमध्ये पाहिले तर फाटकाच्या खर्चाची नोंद आहे, वेलीची नाही.

म्हणून माझी कार्यकारिणीला नम्र विनंती आहे की, पुढील वर्षापासून स्मरणिकेचे एक पान या नावांसाठी राखून ठेवावे. लिहून काढण्याचे काम मी आनंदाने करीन. आणि वेल लावणारी बाई कोण, हे ज्यांना खात्रीने ठाऊक असेल त्यांनी कृपा करून मला सांगावे. पहिले नाव तिचेच घालू.