जुगाराचा विकार : संशोधन काय सांगते, गोव्याला काय लागू पडते

पणजीत मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांवर १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना खेळण्यासाठी प्रवेश नाही. राज्याचा जुगारविषयक कायदा १९७६ चा आहे. त्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील स्लॉट मशीनना आणि १९९६ मध्ये जहाजांवरील टेबलावरच्या खेळांना वाट करून देण्यात आली. स्थानिकांना मज्जाव करणारी तरतूद २०१२ च्या दुरुस्तीत होती. ती अमलात येण्यास आठ वर्षे जावी लागली. पर्यटकांचा पैसा यावा, पण गोमंतकीय कुटुंबांची धूळधाण होऊ नये, हा या बंदीमागील विचार उघड आहे. मात्र गोमंतकीयांच्या जुगाराविषयी झालेल्या संशोधनाकडे पाहिले, तर चित्र कॅसिनोच्या दारापाशी थांबत नाही.

संगाथ या गोव्यातील मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी १,५१४ प्रौढ पुरुषांच्या पाहणीवर आधारित निबंध २०१९ मध्ये ‘एशियन जर्नल ऑफ सायकिअॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाहणीतील जवळपास निम्म्या पुरुषांनी आयुष्यात कधी ना कधी पैसे लावून खेळ खेळला होता, आणि सुमारे ४५ टक्के पुरुष पाहणीच्या काळातही खेळत होते. त्या खेळणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचा खेळ कोणता, तर लॉटरी. ग्रामीण भागातील वास्तव्य, कामधंद्यातील अडचणी, हिंसाचाराचे प्रसंग, तंबाखूसेवन आणि मद्यपानाचा विकार यांच्याशी जुगाराचे नाते आढळले.

या आकड्यांचे वाचन जपून करावे लागते. तिकीट घेणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असेही सिद्ध होत नाही. शिवाय पाहणी केवळ पुरुषांची आहे. तरीही एक गोष्ट निर्विवाद राहते: गोमंतकीय पुरुषाचा जुगार हा प्रामुख्याने रोषणाईच्या जहाजावरचा नसून तिठ्यावरचा, टपरीवरचा, कमी रकमेचा आणि रोजचा आहे.

छंद कुठे संपतो?

जुगाराच्या आहारी जाण्याला वैद्यकशास्त्राने विकाराचा दर्जा दिला तो १९८० मध्ये, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत. त्या वेळी तो आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांमध्ये गणला गेला होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने त्याची जागा बदलली आणि त्याला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसवले. कोणताही पदार्थ शरीरात न जाता जडणारे व्यसन म्हणून त्या प्रकरणात स्थान मिळालेला हा पहिलाच विकार होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही तो व्यसनजन्य वर्तनांच्या गटात आहे.

पुस्तिकेत नऊ लक्षणे दिली आहेत. तीच मजा येण्यासाठी रक्कम वाढवत नेणे. खेळ बंद केल्यास चिडचिड होणे. थांबण्याचे प्रयत्न वारंवार फसणे. मनात सतत खेळाचेच विचार घोळणे. उदास किंवा अस्वस्थ असताना खेळाकडे वळणे. हरलेले परत मिळवण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे. खोटे बोलून खेळ लपवणे. नाती, नोकरी वा शिक्षण पणाला लागणे. आणि अखेरीस निकड भागवण्यासाठी इतरांच्या पैशांवर भिस्त ठेवणे. वर्षभरात यांपैकी चार किंवा अधिक आढळल्यास निदान होते. किती पैसे गेले, हा निकष यादीत नाही. रोजंदारीवरचा मजूर आणि हॉटेलमालक यांना एकाच रकमेने मोजता येणार नाही, हे त्यामागील साधे कारण.

या नवांतील हरलेल्या पैशांचा पाठलाग ही खूण विशेष महत्त्वाची मानली जाते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हेन्री लेझ्यूर यांनी १९७७ मध्ये या पाठलागावरच पुस्तक लिहिले आणि १९८७ मध्ये शीला ब्लूम यांच्यासह ‘साउथ ओक्स’ ही वीस मुद्द्यांची चाचणी तयार केली. पुढे २००१ मध्ये कॅनडात नऊ प्रश्नांची सूची आली. लोकसंख्येच्या पाहण्यांत आता तिचाच वापर अधिक होतो, कारण ती माणसांना ‘व्यसनी’ आणि ‘निर्व्यसनी’ अशा दोनच खणांत टाकत नाही, तर कमी जोखीम, मध्यम जोखीम आणि गंभीर समस्या अशा पायऱ्या दाखवते. सर्वांत लहान चाचणी मात्र दोनच प्रश्नांची आहे: अधिकाधिक पैसे लावण्याची गरज कधी वाटली का? आणि किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले का? एकाचे उत्तर ‘होय’ आले, तरी पुढची चौकशी करणे योग्य ठरते.

थोडक्यात हुकलेला आकडा

माणूस हरत असूनही का खेळतो, या प्रश्नाला ‘हाव’ हे उत्तर पूर्वापार दिले जाते. संशोधन त्या उत्तरावर समाधान मानत नाही. बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला, की वर्तन सर्वाधिक चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांनी विसाव्या शतकातच दाखवले होते. २००९ मध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी स्लॉट मशीनसारखा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचे चित्रण केले. चित्र एका घराने चुकले, म्हणजे विजय थोडक्यात हुकला, तेव्हा प्रत्यक्षात तो पराभवच असूनही मेंदूतील बक्षिसाशी संबंधित भाग जिंकल्याप्रमाणे उद्दीपित झाले. हे हुकणे सुखद नव्हते, पण पुन्हा खेळण्याची इच्छा त्याने वाढवली.

प्रयोग यंत्रावरचा असला, तरी मटक्याचा आकडा लावणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. ओपन लागला आणि क्लोज एका अंकाने गेला, की ‘आज जवळ आलो होतो’ असे वाटते. वास्तविक जवळ किंवा दूर असे तेथे काही नसते. एका अंकाला दहात एक संधी असते आणि लागल्यास साधारणपणे नऊपट पैसे मिळतात. म्हणजे प्रत्येक शंभर रुपयांमागे दहा रुपये चालवणाऱ्याकडे राहणार, हे आरंभीच ठरलेले असते. स्वप्नातील वस्तूवरून, गाडीच्या क्रमांकावरून वा जुन्या निकालांच्या तक्त्यावरून आकडा काढणे हा नियंत्रणाचा भ्रम होय. मटक्याची मुळेही मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर लावल्या जाणाऱ्या पैजांत आहेत. १९६० च्या दशकारंभी ते भाव येणे थांबले, तेव्हा कल्याणजी भगत आणि पाठोपाठ रतन खत्री यांनी आकडे काढण्याची स्वतंत्र व्यवस्था उभी केली. आधार गेला तरी पैज टिकली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सर्वच खेळणारे एका वाटेने या गर्तेत येत नाहीत. अॅलेक्स ब्लाझिन्स्की आणि लिया नॉवर यांनी २००२ मध्ये तीन वाटा मांडल्या. काही जण केवळ सवय आणि संगतीने अडकतात. काही जण आधीचे नैराश्य वा चिंता विसरण्यासाठी खेळतात. तर काहींच्या स्वभावातच उतावळेपणा असतो. पहिल्या गटाला थोडक्या मदतीने सावरता येते, उरलेल्या दोहोंना अधिक काळ उपचार लागतात.

एक चौथी वाट अनेकांना ठाऊक नसते. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, उपचारात वापरल्या जाणाऱ्या प्रॅमिपेक्सोलसारख्या काही औषधांमुळे थोड्या रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण होते. जन्मभर पत्त्यांना हात न लावलेल्या आजोबांनी अचानक लॉटरीवर पेन्शन उडवण्यास सुरुवात केली, तर घरच्यांनी रागावण्यापूर्वी औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे. औषध आपल्या मनाने बंद करू नये.

हानी कोणाची आणि किती

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त जुगाऱ्याचे आहे. त्यात दूर गेलेली पत्नी आहे, शोक करणारी आई आहे आणि कर्जाच्या भयाने रात्री दुसऱ्याच्या घरी जाणारा माणूसही आहे. आधुनिक संशोधनाला या गोष्टी मोजायला बराच काळ लागला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासाने गंभीर समस्या असलेल्या एका खेळणाऱ्यामुळे सरासरी सहा जणांना झळ बसते असा अंदाज मांडला. स्वीडनमध्ये निदान झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता, त्यांच्यातील आत्महत्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे पंधरापट आढळले. कर्जाचा आकडा घरच्यांना कळण्याची वेळ ही सर्वाधिक धोक्याच्या वेळांपैकी एक असते. त्या क्षणी जाब विचारण्याइतकेच त्या माणसाला एकटे न सोडणे महत्त्वाचे ठरते.

धोरणाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा निष्कर्ष ऑस्ट्रेलियाच्याच व्हिक्टोरिया राज्यातून २०१६ मध्ये आला. जुगारामुळे होणाऱ्या एकूण हानीपैकी गंभीर समस्या असलेल्यांच्या वाट्याला सुमारे १५ टक्केच हानी येते; उरलेली सुमारे ८५ टक्के कमी आणि मध्यम जोखमीच्या खेळणाऱ्यांत विखुरलेली असते. एकेकाचे नुकसान लहान, पण अशी माणसे संख्येने फार. शाळेची फी मागे पडणे, सोने गहाण जाणे, घरात रोजची कुरबुर, हे ते नुकसान. केवळ ‘व्यसनी’ शोधून त्यांच्यावर उपचार करणारी व्यवस्था या मोठ्या हिश्श्यापर्यंत पोहोचतच नाही. या निष्कर्षावर आक्षेप आहेत. किरकोळ तोटे आणि उद्ध्वस्त संसार एका मापाने मोजल्याची टीका झाली आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. पण लॉटरी हाच सर्वाधिक प्रचलित खेळ असलेल्या समाजाने हे मोजमाप दुर्लक्षावे असे नाही.

कोणते उपाय टिकतात?

दीर्घकाळ ‘जबाबदारीने खेळा’ हा मंत्र उपाय म्हणून पुढे केला गेला. २००४ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘रीनो प्रतिमाना’ने त्याला शास्त्रीय चौकट दिली: माहिती द्यावी, निर्णय खेळणाऱ्यावर सोडावा. या चौकटीत व्यवसाय निर्दोष राहतो आणि दोष खेळणाऱ्याच्या पदरी पडतो, ही टीका पुढे बळावली. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’च्या आयोगाने जगात सुमारे ८ कोटी प्रौढांना जुगाराचा विकार किंवा तशी गंभीर समस्या असल्याचा अंदाज वर्तवला आणि तंबाखू व मद्याप्रमाणे जुगाराकडेही सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहावे अशी भूमिका घेतली.

परिणामकारक उपाय खेळाची रचना आणि उपलब्धता बदलणारे असतात, असेच अनुभव सांगतो. नॉर्वेने २००७ मध्ये सर्व स्लॉट मशीन हटवल्या आणि नंतर ओळखपत्राशी जोडलेली, तोट्याची मर्यादा घालणारी वेगळी यंत्रे आणली. मधल्या काळात मदतवाहिनीकडे येणारे दूरध्वनी घटले. ब्रिटनने २०१९ मध्ये दुकानांतील वेगवान यंत्रांवर एका डावाला लावता येणारी रक्कम १०० पौंडांवरून २ पौंडांवर आणली.

गोव्याशी तुलना करण्याजोगे उदाहरण सिंगापूरचे. तेथे २०१० मध्ये कॅसिनो सुरू झाले, तेही पर्यटनासाठीच. स्थानिकांना सरसकट बंदी नाही, पण २४ तासांच्या प्रवेशासाठी त्यांना १०० सिंगापूर डॉलर भरावे लागत. २०१९ मध्ये ही रक्कम १५० झाली. दिवाळखोर आणि सरकारी साहाय्यावर जगणारे यांना आपोआप मज्जाव आहे. खेळणारा स्वतःचे नाव बंदीच्या यादीत घालू शकतोच, शिवाय पत्नी, आईवडील वा मुलेही अर्ज करून त्याला दूर ठेवण्याचा आदेश मिळवू शकतात. हा अधिकार कुटुंबाच्या हाती देणे ही त्या व्यवस्थेतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट होय. स्वतःहून घेतलेल्या बंदीलाही मर्यादा आहेत: स्वीडनमध्ये २०१९ पासून अशी राष्ट्रीय यादी आहे, पण यादीत नाव घालूनही परवाना नसलेल्या परदेशी संकेतस्थळांवर खेळणारे बरेच आढळले. एक दार बंद करताना शेजारचे उघडे राहिले, तर लाभ अर्धाच मिळतो.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांसाठीच्या बँक व्यवहारांवर बंदी घातली. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र या कायद्याने गुन्हेगार ठरवलेले नाही. हा भेद तांत्रिक नाही. गोव्याच्या १९७६ च्या कायद्यात अड्ड्यावर सापडलेला खेळणाराही शिक्षेस पात्र असतो. आणि ज्याला पोलिसांची भीती आहे, तो डॉक्टरपुढे मटक्याचे नाव सहसा काढत नाही.

उपचार आणि घरातील माणसे

या विकारावर खास मान्यताप्राप्त असे औषध नाही; नाल्ट्रेक्सोनसारख्या औषधांचे प्रयोग झाले, पण पुरावा मर्यादित आहे. सर्वाधिक आधार आहे तो विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराला, तसेच रुग्णाची स्वतःची इच्छा जागवणाऱ्या समुपदेशनाला. त्याच्या जोडीला पैशांची व्यवस्था लागते. काही काळ एटीएम कार्ड आणि यूपीआय घरातील विश्वासू व्यक्तीकडे सोपवणे, कर्ज देणाऱ्या अॅपवरील खाती बंद करणे आणि सर्व देण्यांची एकच यादी कागदावर मांडणे, हे उपाय साधे वाटले तरी पाठलागाची संधी कमी करतात. नातेवाइकांनी दागिने मोडून सगळे कर्ज एकदम फेडावे आणि विषय मिटवावा, हा आपल्याकडील सर्वाधिक प्रचलित उपाय मात्र बहुधा उलटतो. फेडलेले कर्ज ही पुढच्या डावाची उसनवारी ठरते. फेड उपचाराबरोबर, टप्प्याटप्प्याने आणि थेट देणेकऱ्याला केलेली बरी.

गोव्यात बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत यासाठी सल्ला घेता येतो. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून, खेळणाऱ्याव्यतिरिक्त त्याची पत्नी, आई वा मूलही तेथे बोलू शकते. संगाथच्या पाहणीत जुगार आणि मद्यपानाचा विकार यांचे जे नाते दिसले, त्यातून एक अल्पखर्चिक पाऊल सुचते: दारू सोडवण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला वरील दोन प्रश्न विचारणे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, यंत्रसामग्री लागत नाही. केसपेपरवर दोन ओळींची जागा पुरते.