औंध संस्थानची राज्यघटना

राजपद अबाधित ठेवून राज्यकारभाराचा अधिकार लोकनियुक्त संस्थांच्या स्वाधीन करणारी, औंध संस्थानात जानेवारी १९३९ मध्ये जाहीर झालेली शासनव्यवस्था.

इराणच्या शहाने १९०६ साली मजलिसीस (संसदेस) व घटनेस मान्यता दिली ती प्रबळ लोकचळवळीनंतर [→ इराण]. औंधात मात्र १९०९ पासून गादीवर असलेले भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी स्वतःच सत्तात्यागाचा संकल्प केला, आणि युवराज आप्पासाहेब पंत व पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने तो घटनारूपास आणला, हे या प्रकरणाचे खरे वैशिष्ट्य होय.

औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ अशा विखुरलेल्या मुलखाच्या या छोट्या संस्थानात घटनेचा पाया गाव हा होता. ग्रामस्थांनी निवडलेली पाच जणांची पंचायत, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुकासभा व तिच्यातून अप्रत्यक्ष निवडणुकीने बनणारे कायदेमंडळ, अशी ही रचना खालून वर चढत जाई; दिवाणी-फौजदारी तंटे शक्यतो गावातच, पंचायतीच्या साक्षीने निकालात निघत, त्यामुळे रयतेला कचेरीचे हेलपाटे व वकिलांचा खर्च सोसावा लागत नसे. महसुलाचा मोठा हिस्साही पंचायतींकडे जाई [→ ग्रामपंचायत].

आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्थापन झालेली स्वतंत्रपूर ही बंदीजनांची मुक्त वसाहत याच कारकिर्दीतील असून, ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची प्रेरणा तिच्यात आहे [→ शांताराम, व्ही.].

एका राजाने हयातीतच आपली सत्ता खेड्यांच्या हाती सोपविल्याची इतकी सुस्पष्ट उदाहरणे हिंदी संस्थानांच्या इतिहासात विरळाच. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले.