फुटबॉल प्रशिक्षकाची नोकरी : मुदतवाढ म्हणजे हमी नव्हे

कफ परेडच्या मच्छीमार नगरापासून कूपरेज मैदान फार दूर नाही. 1891 साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकामुळे या मैदानाचे नाव देशभर झाले. मैदानावर घाम गाळणाऱ्या येथील एखाद्या तरुणाने उद्या प्रशिक्षक व्हायचे ठरवले, तर त्याच्या नोकरीची शाश्वती किती, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

महाविद्यालयांत या कामाचे दोन प्रकार आढळतात. शारीरिक शिक्षण संचालक हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांतील मान्य पद आहे. त्यास वेतनश्रेणी असते आणि बडतर्फी झाल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 खालील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. केवळ संघाच्या तयारीसाठी बाहेरून बोलावलेला प्रशिक्षक मात्र बहुधा मानधनावर, हंगामापुरता काम करतो. मुदत संपली की संबंध संपतो.

कायद्याचा आधारही मर्यादितच आहे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात (ए. सुंदरम्बल, 1988) सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्यातील 'कामगार' ठरत नाहीत, असा निर्णय दिला. उमादेवी प्रकरणात (2006) सरकारी सेवेतील कंत्राटी कर्मचाऱ्यांना केवळ दीर्घ सेवेमुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे स्पष्ट झाले. खासगी संस्थेने करार मोडल्यास सामान्यतः भरपाई मिळते. पुन्हा नेमणूक सहसा मिळत नाही.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये पैसा अधिक, पण अस्थिरताही अधिक. भारतीय संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना ऑक्टोबर 2023 मध्ये जून 2026 पर्यंत मुदतवाढ मिळाली. जून 2024 मध्येच त्यांना हटवण्यात आले. वाद अखेर चार लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल हा खेळच निराळा. तेथे टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना 2021 साली मुदतवाढ दिली आणि 2023 मध्ये दूर करताना साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणे पत्करले. दोन्ही ठिकाणी मुदतवाढीने पद वाचले नाही. वाचली ती भरपाई.

खालिद जमील यांची वाटचाल या दृष्टीने बोलकी आहे. मुंबई एफसी संघाला त्यांनी 2009 ते 2016 अशी सलग वर्षे दिली. 2017 मध्ये त्यांनी ऐझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. त्यानंतर ईस्ट बंगालमधील त्यांची कारकीर्द एकाच हंगामाची ठरली. ऑगस्ट 2025 मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

करारावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात : मुदतीची नेमकी तारीख, मुदतवाढ कोणाच्या इच्छेवर आणि किती दिवस आधी कळवून, मध्येच दूर केल्यास किती महिन्यांचे वेतन, आणि वाद कोणापुढे जाणार. परदेशी प्रशिक्षकांच्या वादांसाठी फिफाने 2021 पासून स्वतंत्र नियम लागू केले असून उरलेल्या मुदतीचे वेतन हा तेथे भरपाईचा मुख्य आधार असतो. स्थानिक प्रशिक्षकाला मात्र आपल्या करारातील शब्दांवरच अवलंबून राहावे लागते. म्हणूनच तोंडी आश्वासनावर हंगाम सुरू करू नये. मानधन कितीही अल्प असो, नेमणूक लेखी असावी.