तसबिरी नग नऊ

आमच्या घरच्या वाटणीची याद मोडीत आहे. ती कोणाकडून तरी वाचून घ्यायला मला पन्नाशी उलटावी लागली. आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ वेगळे झाले, तेव्हा कोल्हापुरातल्या वाड्यातली चीजवस्त कोणाकडे गेली ते तीत लिहिले आहे. तांब्याचे घंगाळ एक, वजन सात शेर. पितळी समया जोड एक, पुढे वजन. तपेली, पराती, बंब, सगळ्यांची वजने. मग एकच ओळ: ‘तसबिरी नग नऊ.’ कसल्या, कोणी काढलेल्या, काही नाही. मोडीत घालून तसबिरीचे काही येत नसते, म्हणून मोजदादीवर भागले.

जुन्या वस्तूंच्या लिलावांविषयी वाचताना ही ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. ‘लिलाव’ हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला, ‘हर्रास’ अरबी-फारसीतून आला. दोन्ही उसने. वाटणी मात्र अस्सल आपली.

मराठी मुलखाच्या जिव्हारी लागलेला लिलाव नागपूरचा. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि 1854 मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. राज्याबरोबर राजवाड्यातली मालमत्ताही जप्त झाली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला मातीमोल विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. सत्तावनच्या उठावाचा इतिहास लिहिणारा जॉन के हा इंग्रजच, पण हा प्रकार सांगताना त्याचीही लेखणी कडवट होते.

याच घराण्याच्या मूळ पुरुषाची, पहिल्या रघूजींची तलवार 29 एप्रिल 2025 रोजी लंडनला सदबीजच्या लिलावात आली. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली. वाहतूक-विम्यासह खर्च 47 लाख 15 हजार रुपये. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. ती देशाबाहेर गेली कशी? 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर लुटीत किंवा भेटीदाखल गेली असावी, असा सरकारचा अंदाज आहे. तलवार फिरंग जातीची, म्हणजे पाते युरोपातले. अशी पाती मराठ्यांकडे पुष्कळ येत. हिच्या पात्यावर मात्र देवनागरीत रघूजींचे नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब सोन्याने घातला आहे. ती अक्षरे नसती, तर सरकारने तिच्यासाठी लंडन गाठले नसते.

कोल्हापूरचे संस्थान खालसा झाले नाही, त्यामुळे नागपूरसारखा एकहाती लिलाव इथे झाला नाही. इथल्या वस्तू एकेक करून जातात, वाटणीत नाहीतर वाडा पाडताना. लिलावाच्या निदान याद्या होतात, वस्तूला क्रमांक पडतो. घरातून निघालेल्या वस्तूला तोही पडत नाही.

लाकडी सामानाची गंमत निराळी. आपल्या जुन्या वाड्यांत सामान असे ते बैठकीचे: गादी, लोड, तक्के, फार तर झोपाळा आणि पेटारे. टेबल-खुर्च्यांचा थाट साहेबाच्या पाहुणचाराबरोबर वाढला. चार्ल्स मँटच्या आराखड्यावरून नवा राजवाडा बांधला गेला तो 1877 ते 1884 या काळात. बड्या घरांत दिसणारे कोरीव शिसवी सामान बहुतांशी एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या सुतारांचे. गिऱ्हाईक युरोपियन आणि पारशी. तसली एक आरामखुर्ची ‘पेशवाई’ म्हणून विक्रीला ठेवलेली मी पाहिली आहे. पेशव्यांनी तिच्यावर पाय कसे पसरले असतील, देव जाणे.

उलट, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची मूर्ती पाहा. टाउन हॉलच्या संग्रहालयातली ही चिमुकली ब्राँझची मूर्ती रोमन जगातून आलेली. ती सापडल्याची जागा नोंदली गेली, म्हणून कोल्हापूरच्या समुद्रापारच्या व्यापाराचा ती पुरावा ठरली. एखाद्या मोडवाल्याच्या टोपलीत निघाली असती, तर दाढीवाली बाहुली म्हणून किलोवर गेली असती.

चित्रांचे हाल सर्वांत वाईट. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये नाव काढून कोल्हापूरला परतले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले. रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा काठ हे त्यांचे विषय. 1922 मध्ये महाराज गेले, तेव्हा दुःखाच्या भरात त्यांनी आपली चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे गावात सांगतात. खरे-खोटे कोटितीर्थ जाणे. 1931 मध्ये आबालाल गेले. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांचे चित्र पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे 2031 उलटेल तेव्हा आबालालांचे शेवटचे चित्रही या कायद्याखाली आलेले असेल. पण चित्र त्यांचे आहे हे ठरवणार कोण? घरोघरच्या यादींत तर नुसते नग.

आमचा वाडा पाडायचा ठरला तेव्हा नवांपैकी तीन तसबिरी शिल्लक होत्या. दोन लक्ष्मी-सरस्वतीच्या, रवि वर्मा प्रेसच्या छापील. तिसरी जलरंगातली: तिन्हीसांजेचा रंकाळा, काठावर एक गाढव, पाण्यावर विटकरी उजेड. सही नाही. जुन्या सामानाचा व्यापारी आला. छापील चित्रांखाली प्रेसचे नाव वाचून त्याने दोन्हींना बऱ्यापैकी भाव दिला. छापखान्यातून ही चित्रे ढिगांनी निघाली, हे त्यालाही ठाऊक होते. रंकाळ्याची त्याने नुसती चौकट ठोकून पाहिली. म्हणाला, “शिसवी आहे. हिचे देतो. आतलं तुम्ही काढून घ्या.”

चौकट दिली नाही. चुलतभाऊ आजही त्यावरून मला हसतो.

नंतर मागचा पुठ्ठा काढून पाहिला. वाळवीने खाल्लेला कोपरा सोडून काही नव्हते. चित्र आबालालांचे आहे, असे मी म्हणत नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या किंवा त्यांचे पाहून काढणाऱ्या कोणाचेही असेल. नवा पुठ्ठा लावताना आत एक कागद ठेवला. वाडा कोणत्या पेठेत होता, चित्र माजघराच्या कोणत्या भिंतीवर असे, वाटणीत कोणाकडून कोणाकडे आले, ते त्यावर लिहिले. ‘चित्रकार’ एवढे लिहून पुढची जागा कोरी ठेवली आहे.