नाना फडणवीस : नाटकातले आणि पत्रांतले

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली रंगभूमीवर आले आणि नाना फडणवीस हे नाव मराठी मनात एका प्रतिमेशी जखडले गेले : ब्राह्मणांच्या हलत्या भिंतीआड वावरणारा विलासी, निर्विकार सत्ताधीश. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे तेंडुलकरांनीच सांगितले होते. तरीही नाटक शिकवताना विद्यार्थी विचारतोच, खरे नाना कसे होते?

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १७४२ चा. त्यांचे त्रोटक आत्मचरित्र पानिपताच्या सुमारास थांबते. म्हणजे ज्या कारकिर्दीमुळे आपण त्यांना ओळखतो, तिच्या उंबरठ्यावरच. पुढचे नाना शोधायचे ते पत्रव्यवहारात.

१७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि बारभाईंच्या कारभारात नानांचा उदय झाला. ते रणांगणावरचे पुरुष नव्हते. वकील, बातमीदार, खलिते आणि विलंब ही त्यांची शस्त्रे. १७८० मध्ये हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणण्याचा डाव त्यांनी मांडला. वॉरन हेस्टिंग्जने निजाम व भोसले यांना फोडले. हैदर मात्र लढत राहिला. महादजी शिंद्यांनी मे १७८२ मध्ये सालबाईचा तह ठरवला, पण नानांनी मंजुरी लांबवली. हैदर रणात होता तोवर इंग्रजांवर दाब होता. डिसेंबरात तो वारला, तेव्हा ताणून धरण्याचे कारणच उरले नाही. हा विलंब रंगमंचावर दाखवता येणार नाही. मुत्सद्देगिरीचे मर्म मात्र त्यातच आहे.

म्हणून नाटक खोटे ठरते का? नाही. घाशीराम नानांच्याच अमलात पुण्याचा कोतवाल होता आणि १७९१ मध्ये जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. परदरबारची नाडी ओळखणाऱ्या कारभाऱ्याला स्वतःच्या शहरातला जुलूम वेळीच आवरता आला नाही, हेही इतिहासच सांगतो. शिवाय सारे राजकारण एका माणसाच्या धोरणावर तोललेले होते. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही करून स्वातंत्र्य गहाण टाकले.

मेहरूणच्या विद्यार्थ्याला पुण्याची दफ्तरे लांब वाटतील. धुळे मात्र खानदेशातलेच. मराठ्यांच्या इतिहासाची साधने १८९८ पासून खंडाखंडांनी छापणारे राजवाडे १९२६ मध्ये तिथेच निवर्तले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही तिथेच आहे. नाटक सत्तेचा स्वभाव दाखवते, पत्रे तिची रीत दाखवतात. एकावरून दुसऱ्याचा निवाडा करण्याची घाई वाचकाने करू नये. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत.